मामा, भाकरी फुटत नाही आता

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या नातीच्या फोनवरही पाठवतेय, ती तुम्हाला वाचून दाखवेलच. पण लिहितेय मुद्दाम सगळ्यांसमोर. तुम्ही आमच्या सोसायटीतली वॉचमनची नोकरी सोडून गावी, वेल्ह्याला गेलात त्या आठवड्यात मी ऑफिसच्या कामानं बाहेरगावी होते. परत आले तर गेटवर नवा माणूस होता. तुमची लोखंडी खुर्चीही नव्हती आणि तिच्यावरची घडी घातलेली घोंगडीही. निरोप घ्यायचा राहून गेला. आभार तर त्याच्याही आधीपासून राहिलेत.

सुरुवात तुम्हाला आठवत असेल. बाबा गेल्यावर मी आईला बार्शीहून इथं पुण्यात, धायरीला घेऊन आले. जन्मभर दोन्ही वेळेला ज्वारीची भाकरी खाल्लेली बाई ती. इथं आल्यावर पंधरा दिवसांत तिचं जेवण निम्म्यावर आलं. मला वाटलं, बाबांचं दुःख आहे. ते होतंच. पण एका संध्याकाळी ती परातीपुढे बसून रडायला लागली, कारण थापता थापता तिसरी भाकरी फुटली होती. "माझ्या हाताला काय झालंय गं," एवढंच म्हणत होती. नवरा गेला, घर सुटलं, आणि आता हातही आपला राहिला नाही, असं तिला वाटत होतं. मला ते तेव्हा कळलं नाही. मी तिला म्हटलं, पोळी खा.

पीठ मी फोनवरून मागवत होते, दहा मिनिटांत दारात येणारं. पाकिटावर हिरवंगार शेत छापलेलं होतं. त्याच रात्री ते पाकीट कचऱ्यात टाकायला खाली आले, तेव्हा तुम्ही हटकलंत, "ताई, भरलेलं पाकीट टाकताय व्हय?" मी सांगितलं. तुम्ही चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलंत, लगेच थुंकलात, मग दोन बोटांत चोळून पाहिलंत. म्हणालात, "ह्याची विरी गेलीय. दळून लई दिवस झाल्यात. आईंना सांगा, हात बरोबर हायेत. पीठ चुकलंय."

मी वर जाऊन ते वाक्य जसंच्या तसं आईला सांगितलं. विरी म्हणजे पीठ धरून ठेवणारा चिकटपणा, हे मला तेव्हा कळलं. ती डोळे पुसून उठली आणि म्हणाली, "कोण आहे हा माणूस? याला विरी कशी माहीत?"

कोण आहे ते मलाही माहीत नव्हतं. दोन वर्षं मी तुमच्यासमोरून गाडी काढत होते आणि तुम्ही एकतीस वर्षं हमाली केली हे मला ठाऊक नव्हतं. आधी नाना पेठ-भवानी पेठेतल्या भुसार बाजारात, मग गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. तेव्हा पोतं शंभर किलोचं असायचं. ओलसर धान्याचं पोतं पाठीला गार लागतं आणि वाळलेलं लागत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. दुकानदारानं तोंड उघडायच्या आत तुमच्या पाठीला माल कळलेला असायचा. या शहरात चांगलं खायला कुठे मिळतं हे मी तोवर फोनवर लोकांनी दिलेल्या चांदण्या मोजून ठरवत होते. ज्याच्या पाठीवरून या शहराचं धान्य गेलं, तो माणूस माझ्याच गेटवर रात्रभर जागा असायचा.

मग मी एक दिवस रजा काढली आणि आपण तिघं बसनं मार्केट यार्डात गेलो. तो दिवस मला नीट लिहून ठेवायचाय, कारण तिथं तुम्ही जे दाखवलंत ते कुणी सांगत नाही. पहिल्या दोन दुकानांत तुम्ही नुसतं बघितलंत आणि पुढं निघालात. तिसऱ्या दुकानात मूठभर ज्वारी तळहातावर घेतलीत, चोळलीत, तळहात उलटा केलात. हाताला पांढरी पूड राहिली नाही. मग एक दाणा दाताखाली फोडलात. आवाज झाला पाहिजे, म्हणालात, नुसता चेपला तर माल ओला. मग वास. साठवणीचा कुबट वास असेल तर भाव विचारायचासुद्धा नाही. आणि वरवरचा माल बघायचा नाही. पोत्यात खुपसून आतले दाणे काढायची ती टोकदार नळी असते ना, ती तुम्ही मागितलीत आणि दुकानदारानं काही न बोलता दिली. मी एकटी गेले असते तर मला ती मागायचंही सुचलं नसतं.

ती मालदांडी होती, मंगळवेढ्याकडची. या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे हे मी मागाहून वाचलं. आईला वाचायची गरज पडली नाही. तिनं मूठ नाकाशी नेली आणि म्हणाली, "ही आपल्याकडची." दुकानदार तीस किलोचा कट्टा घ्या म्हणून मागं लागला, तेव्हा तुम्ही जे बोललात ते मी आता प्रत्येक नव्या दुकानात पाळते. "पाच किलो द्या. भाकरी करून बघतो. पटली तर कट्ट्याला येतोच."

पण काम तिथंही संपलं नव्हतं. गिरणी राहिलीच होती. आमच्या जवळच्या गिरणीत गर्दी कमी म्हणून मी तिथं दळण टाकायला निघाले. तुम्ही विचारलंत, "आधीचं दळण कशाचं व्हतं?" मला कुठून माहीत असणार! गव्हावर ज्वारी दळली की आधीचं थोडं पीठ त्यात येतं आणि भाकरीचा पोत बिघडतो. तुम्ही अर्धा किलोमीटर लांबची गिरणी दाखवलीत, जिथं ज्वारी-बाजरीचं जातं वेगळं आहे, आणि सांगितलंत की ज्वारीवर ज्वारी दळून घ्यायची, आठ दिवसांपुरतीच. दाणा महिनोन्‌महिने टिकतो, पीठ टिकत नाही. इतकी साधी गोष्ट, आणि मी आईला कधीचं दळलेलं पीठ खाऊ घालत होते.

त्या रात्री आईनं उकळतं पाणी घालून पीठ मळलं. भाकरी थापली, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, पलटली. टम्म फुगली. तिनं पहिली भाकरी फडक्यात गुंडाळून मला खाली तुमच्याकडे पाठवलं. तुम्ही ती मोडून आधी वास घेतलात. वर काय घालू विचारलं तर म्हणालात, काही नको. आई कितीतरी दिवसांनी त्या रात्री पोटभर जेवली, मामा. त्याचे आभार मी कसे मानू?

पुढच्या चार वर्षांत तुमच्याकडून काय काय शिकलो त्याला हिशेब नाही. तांदळाचं मात्र सांगायलाच हवं, कारण तिथं मी अगदी ठाम चुकत होते. आंबेमोहोर म्हणून मी जे घेत होते ते तुम्ही ताटात बघूनच ओळखलंत. आंबेमोहोराचा दाणा आखूड, आणि त्याचा वास आंब्याच्या मोहोराचा. इंद्रायणीचा दाणा त्याहून लांब, भात मऊ आणि चिकट. इंद्रायणीही चांगलीच, ती आपल्या मावळातली, १९८७ साली वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेली, आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ या दोन वाणांच्या संकरातून. पण एकीच्या नावानं दुसरी विकली जाते आणि पैसे आंबेमोहोराचे घेतले जातात, याचा तुम्हाला राग यायचा. भातशेतीच्या गावचा माणूस तुम्ही, तो राग मला पटतो. दिवाळीनंतर तुमच्या घरचा तांदूळ तुम्ही पिशवीतून आणून दिलात आणि पैसे घेतले नाहीत, ते माझ्याकडे अजून बाकी आहेत.

मंडईत तुम्ही आईला पहिल्यांदा नेलंत तेव्हा मी ऑफिसात होते. घरी आल्यावर तिनं मला भाजीच्या भावाआधी जोतीराव फुल्यांची गोष्ट सांगितली. ही अष्टकोनी इमारत १८८६ साली रे मार्केट या नावानं सुरू झाली, आणि नगरपालिकेचे सदस्य असताना फुल्यांनी तिच्या खर्चाला विरोध केला होता. हा पैसा शिक्षणावर जावा असं त्यांचं म्हणणं. आज ती महात्मा फुले मंडई आहे. हे तुम्ही हमाल पंचायतीच्या, म्हणजे हमालांच्या संघटनेच्या सभांमध्ये ऐकलेलं, तिचे संस्थापक डॉ. बाबा आढावांकडून. आई चौथी शिकलेली. ती म्हणाली, "भाजी आणायला गेले आणि शाळा करून आले."

अंजिराचंही तिनं तिथंच शिकून घेतलं. पुरंदरचं अंजीर घरी आणून पिकत नाही, झाडावर पिकलं तेवढंच. म्हणून कडक फळ स्वस्त मिळालं तरी घ्यायचं नाही आणि मऊ घेतलं तर त्याच दिवशी संपवायचं. आता ती एकटी जाते, मामा. बसनं स्वारगेट, तिथून मेट्रोनं एकच स्टेशन, की मंडई. २०२४च्या सप्टेंबरात तो भुयारी मार्ग सुरू झाला तेव्हा ती घाबरत होती. आता सरकत्या जिन्यावर पिशवी सांभाळून उभी राहते.

हॉटेलांबद्दल तुमचा नियम एकच होता आणि मी तो आजवर कुठे छापलेला पाहिला नाही. मालकाला विचारायचं नाही की तुमच्याकडे काय चांगलं मिळतं. शेजारच्या दुकानातल्या नोकराला विचारायचं, तू दुपारी कुठं जेवतोस. जो रोज स्वतःच्या खिशातून पैसे देऊन जेवतो, त्याला फसवून कुणाचंही हॉटेल चालत नाही. तुम्ही स्वतः जिथं जेवलात ती हमाल पंचायतीची 'कष्टाची भाकर', १९७४ साली सुरू झालेली, तिथं मी आणि आई गेलो. झुणका-भाकर खाल्ली. पोत्यांखाली वाकलेल्या माणसाला परवडेल आणि पुरेल असं जेवण ना नफा ना तोटा द्यायचं, हा विचार कुणीतरी केला, तो इतकी वर्षं चालवला, आणि भाकरी तरीही नीट भाजलेली होती. आई आत जाऊन भाकरी करणाऱ्या बायकांशी बोलून आली.

मिसळीवरून आपलं जमलं नाही, ते तसंच राहू दे. तुम्हाला तुळशीबागेतलं श्रीकृष्ण भुवन, आईला नारायण पेठेतली बेडेकरांची, गूळ घातलेली. तुम्ही म्हणायचात गोड मिसळ कशाला खायची, आणि ती म्हणायची, सँपल दोनदा मागून घेता येतं ना, मग भांडण कशाला.

बेकरीचं शिक्षण माझ्या मुलाला मिळालं. कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव दोनदा येतो, पहाटे आणि चार वाजता, हे त्याला तुम्ही सांगितलंत. पाव दाबून बघायचा नाही, उलटा करून बुडाचा रंग बघायचा, हेही तुमचंच. कॅम्पातल्या कयानीची श्रूसबेरी आणायची तर सकाळी लवकर निघायचं, दुपारी बंद असते. आपटे रोडच्या संतोष बेकरीतलं पॅटिस तिथंच उभं राहून गरम खायचं, घरी आणलं की पापुद्रे मऊ पडतात. तो आता सहावीत आहे आणि मित्रांना हे अगदी तुमच्यासारखं बोट उचलून सांगतो.

हे सगळ्यांसमोर लिहायचं कारण सांगते. आपल्या सोसायटीत आता निदान वीस घरांत त्या गिरणीतलं दळण येतं. ज्वारी कुठून आणता म्हणून बायका आईला विचारतात, आई त्यांना सांगते, त्या पुढे आणखी कुणाला सांगतात. रस्ता सगळ्यांना मिळाला, दाखवणाऱ्याचं नाव मधेच गळून गेलं. परवा एक बाई मलाच सांगत होत्या, "अहो, आधी पाच किलो घ्यायची, भाकरी करून बघायची." मी त्यांना तिथल्या तिथं सांगितलं, हे आमच्या मामांचं. रात्री गेटवर बसायचे ते. त्यांना तुमचा चेहरा आठवला, पण तुम्ही हमाल होतात हे माहीत नव्हतं. म्हणून हे पत्र मी जिन्यातल्या फलकावरही लावणार आहे.

नवी शाळू ज्वारी फेब्रुवारी-मार्चात बाजारात येईल. यंदा आम्ही दोघी एकट्याच जाणार, नळी मागून घेऊ, दाणा फोडून बघू. पटली तर कट्टा घेऊ आणि त्यातली दहा किलो वेल्ह्याला आणू. तुमच्याकडे भात पिकतो, ज्वारी नाही, हे आईच्या लक्षात आहे. भाकरी ती तिथं चुलीवर करणार म्हणते, लाकडं वाळलेली असू द्या. तांदळाचे पैसेही बरोबर आणतेय, या वेळी नाही म्हणू नका.

तुमची,
बी विंगमधली ताई