निळ्या रंगाविषयी, रिव्कास

ठाणे,
शुक्रवार

चि. रिव्का हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी पोहोचले. तुझ्या चित्रातली नऊवारी नेसलेली बाई आणि तिच्यामागचा मेनोरा, म्हणजे आपला अनेक फांद्यांचा दिवा, पाहून तुमच्या शिक्षकांनी 'भारतीय की ज्यू, हे आधी ठरव आणि मग रंगव' असे सांगितले, हे वाचून मला फार वाईट वाटले. रागाच्या भरात उत्तर लिहू नये म्हणून मी तीन दिवस थांबले. आता शब्बाथचे दिवे लावायला दोन तास आहेत, तेवढ्यात हे पत्र पुरे करते.

चित्रकार सियोना बेंजामिन यांची चित्रे तू पूर्वी पाहिली आहेस, पण आता ती बारकाईने पाहा. त्या आपल्याच, कोकणातल्या ज्यूंच्या बेने इस्राएल समाजातल्या, मुंबईत वाढलेल्या आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आहेत. शाळा मात्र त्यांना कॅथलिक आणि पारशी लाभल्या. 1986 च्या सुमारास त्या अमेरिकेला गेल्या आणि पुढे न्यू जर्सीत स्थायिक झाल्या. त्यांच्या एका दीर्घ चित्रमालिकेचे नावच 'घर शोधताना' अशा अर्थाचे आहे, आणि त्या मालिकेतल्या स्त्रिया निळ्या कातडीच्या आहेत. पाहणाऱ्याला आधी कृष्ण आठवतो, आणि तसा तो आठवावा हेही त्यांना हवेच आहे. पण त्यांच्या मनात आभाळाचा आणि समुद्राचा निळाही आहे, जो कोणत्याही एका देशाचा नसतो आणि म्हणून सगळीकडचा असतो. अमेरिकेतल्या लोकांच्या कल्पनेतली ज्यू स्त्री गोरी असते, तर भारतात आपण ज्यू आहोत हे प्रत्येक वेळी समजावून सांगावे लागते. या दोन्ही ठिकाणचे परकेपण त्यांनी त्या एका रंगात उतरवले आहे.

तरीही मला वाटते की नुसता निळा रंग पुरला नसता. त्यांची खरी ताकद कारागिरीत आहे. मुघल आणि राजपूत लघुचित्रांची रीत, जुन्या हिब्रू पोथ्यांतली सजावट आणि अमेरिकेतल्या चित्रकथांचा ठसठशीतपणा त्या एकाच कागदावर गॉश म्हणजे अपारदर्शक जलरंगांनी आणि सोन्याच्या वर्खाने आणतात. 'तिक्कुन हाओलाम', म्हणजे जगाची दुरुस्ती, या चित्रात अनेक हातांची निळी स्त्री आहे, आणि ते हात देवीचे वाटता वाटता मेनोऱ्याच्या फांद्या होतात. त्यातला कोणता भाग भारतीय आणि कोणता ज्यू, हे कात्रीने वेगळे करून दाखवायला तुमच्या शिक्षकांना सांग. दुसऱ्या एका चित्रात अब्राहामाची बायको सारा आणि तिची दासी हागार एकमेकींना मिठी मारतात. तोरा या आपल्या धर्मग्रंथात साराने हागारला तिच्या मुलासकट घराबाहेर काढायला लावले होते, हे तुला आजीने सांगितलेले आठवत असेल. एकीचा मुलगा इसहाक आणि दुसरीचा इश्माएल, यांच्या वंशजांत, म्हणजे ज्यू आणि अरबांत, आज जे चालले आहे ते ठाऊक असताना ती मिठी पाहणे मला सोपे गेले नाही.

फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन त्या 2010-11 मध्ये भारतात आल्या, आपल्या समाजातल्या माणसांचे फोटो त्यांनी काढले आणि त्या फोटोंभोवती रंगकाम करून चित्रे घडवली. मला हे काम सर्वांत जवळचे वाटते, कारण त्यात प्रतीकांच्या आधी माणसांचे चेहरे येतात.

शिल्पकार अनीश कपूर यांचे उदाहरण वेगळे आहे. त्यांचा जन्म 1954 चा, मुंबईतला. आई बगदादी ज्यू घराण्यातली, आणि आईचे वडील पुण्याच्या सिनॅगॉगमध्ये हजान, म्हणजे प्रार्थना गाणारे, होते. त्यांना कोणतेच लेबल मानवत नाही, तरीही 1979 च्या भारतभेटीनंतर त्यांनी सुट्या रंगपुडीने माखलेले जे आकार जमिनीवर मांडले, ते पाहताना देवळाबाहेरचे हळदकुंकवाचे ढीग आठवल्याशिवाय राहत नाहीत. 2017 मध्ये ज्यू जगतातला मानाचा जेनेसिस पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा दहा लाख डॉलरची ती रक्कम त्यांनी निर्वासितांसाठी दिली. आपल्या ज्यू असण्याचा अर्थ त्यांनी तिथे सांगितला, असे मी मानते.

आपल्याला तर हे ठरवण्याची वेळच कधी आली नाही. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले तेव्हापासून, असे आपण सांगत आलो आहोत, आपण कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी ते बंद ठेवले म्हणून शनवार तेली म्हणवलो, आणि गावाच्या नावाला 'कर' जोडून आडनावे घेतली. मलिदा या आपल्या प्रसादाच्या ताटात भिजवलेले पोहे, नारळाचा चव, साखर आणि वेलची असते, आणि त्यावर एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे हिब्रू गीत आपण म्हणतो. आजी पोहे बोटांनी हलकेच मोकळे करत असे, दाणा मोडू देत नसे, आणि गीत संपेपर्यंत कोणालाही ताटाला हात लावू देत नसे. तुझ्या चित्रातल्या बाईचे हात मला थोडे अडखळलेले वाटले. मेनोरा तू मनापासून काढला आहेस, हात मात्र घाईने. तिथे परत बस.

त्यासाठी आजीच्या लग्नातला फोटो सोबत पाठवते आहे. मेंदीचे हात त्यात स्पष्ट दिसतात. फोटो काळापांढरा असल्याने लुगड्याचा काठ काळा वाटतो, पण तो गडद जांभळा आहे आणि आतली बुट्टी पिवळी. लुगडे माझ्या कपाटात आहे. हवे असेल तर पेसाहच्या सणाला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी
आई