अंदाज नाताळाचा, गल्ला भलत्याचाच

महोदय,

डिसेंबर उजाडला की वर्षातल्या पहिल्या दहा चित्रपटांच्या याद्या आणि 'नाताळात कोण किती कमावणार' याचे अंदाज छापून येतात. मीही ते चवीने वाचतो, पण 2022 चा नाताळ विसरलेलो नाही. 23 डिसेंबरला रोहित शेट्टी आणि रणवीर सिंगचा 'सर्कस' लागला. सुट्ट्या त्याच्याच, असे बहुतेकांनी धरून ठेवले होते. तो साफ आपटला. आठवड्याने, 30 तारखेला रितेश देशमुखचा 'वेड' आला आणि नवीन वर्षातही जोरात चालला.

क्रमवारीचेही तसेच. क्रम लागतो कोटींवर. तिकीट दीडशेचे की साडेचारशेचे, हे कुणी सांगत नाही. मल्टिप्लेक्सचा एक प्रेक्षक तालुक्याच्या थिएटरातल्या तिघांना भारी पडतो, मग यादी लोकप्रियतेची की तिकीटदराची?

'बाईपण भारी देवा' 30 जून 2023 ला लागला. ना दिवाळी, ना नाताळ. आमच्या सोसायटीतल्या बारा जणी नऊवारी नेसून, गॉगल लावून दुपारच्या खेळाला गेल्या. त्यातल्या दोघींनी दहा वर्षांत थिएटरची पायरी चढली नव्हती (एकीने तर डब्यात चकल्या नेल्या होत्या, त्या दारातच अडवल्या). या बायका कुठल्या अंदाजात धरल्या होत्या?

तेव्हा यंदा कोटींच्या शेजारी विकलेल्या तिकिटांचा आकडाही छापावा. आणि जमल्यास डिसेंबरातले अंदाज जानेवारीत पुन्हा, त्याच पानावर.

– एक वाचक, चिंचवड