विषय: अपडेटनंतर ब्राउझरवरून स्कॅन करण्याची सोय काढून घेतल्याबाबत तक्रार

दिनांक: 12 ऑगस्ट 2024
कराड, जि. सातारा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

फेब्रुवारीत मी इथल्या दुकानातून तुमचं प्रिंटर-स्कॅनर-कॉपियर असं थ्री-इन-वन यंत्र 16,400 रुपयांना घेतलं. शेजारीच दोन हजारांनी स्वस्त यंत्र मांडलेलं होतं. ते सोडून तुमचं उचललं, कारण खोक्यावर ठळक छापलं होतं: ‘घरातल्या कुठल्याही ब्राउझरवरून स्कॅन करा, सॉफ्टवेअरची गरज नाही.’ खोकं माळ्यावर आहे, त्याचा फोटो सोबत जोडते.

आणि पाच महिने ते अगदी तसंच चाललं, म्हणूनच राग जास्त आहे. यंत्र खाली सासऱ्यांच्या खोलीत, माझं काम वरच्या मजल्यावर. मी घरूनच लोकांची आयकर विवरणपत्रं आणि जीएसटीची कामं करते. यंत्राचा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की साधं पांढरं पान उघडायचं: 150, 300 की 600 डीपीआय (एका इंचात किती ठिपके, म्हणजे स्कॅन किती बारकाईने), रंगीत की काळं-पांढरं, पीडीएफ की जेपीजी, आणि खाली ‘स्कॅन’. बस्स. सासरे 76 वर्षांचे. माझ्या मुलीने त्यांच्या फोनवर त्या पानाचा शॉर्टकट करून दिला होता. काचेवर कागद ठेवायचा, आरामखुर्चीत जाऊन बसायचं, बटण दाबायचं, आणि झाकणाच्या फटीतून उजेडाची रेघ सरकत पार गेली की ‘निघालं गं!’ म्हणून मला वर हाक द्यायची. 1961 सालचं शेताचं खरेदीखत, फेरफाराचे उतारे, जुने सातबारे, सगळं ते असं एकेक करून उतरवत होते.

22 जुलैच्या रात्री यंत्राने आपणहून फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, अपडेट करून घेतलं. सकाळी त्याच पत्त्यावर शाई किती उरली ते दिसत होतं, वायफायची सेटिंग दिसत होती, स्कॅनचं पान मात्र गायब. त्या जागी एकच ओळ: ‘ही सुविधा आता आमच्या अ‍ॅपमध्ये उपलब्ध.’ अ‍ॅप टाकलं, तर खातं उघडा, ईमेल द्या, ओटीपी द्या. सासऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, ‘कागद आपला, यंत्र आपलं, मग परवानगी कुणाची काढायची?’ मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्यावं.

या अ‍ॅपमधलं स्कॅन तुमच्या सर्व्हरवरून फिरून येतं हे मला 29 जुलैला कळलं. पावसात फायबरची केबल तुटली होती. राउटर इन्व्हर्टरवर होता, घरातलं वायफाय ठणठणीत होतं, पण अ‍ॅप म्हणत राहिलं, ‘इंटरनेट जोडणी तपासा.’ यंत्र आणि माझा लॅपटॉप यांच्यात अंतर एका जिन्याचं! 31 जुलै ही विवरणपत्रांची शेवटची तारीख. अशिलांची 63 पानं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी भर पावसात झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि पानाला 5 रुपये देऊन ती पेनड्राइव्हवर घेतली. 315 रुपयांची पावती जोडली आहे. त्यांत लोकांचे फॉर्म 16 होते, पॅन कार्डं होती, पासबुकं होती. ती त्यांनी माझ्या विश्वासावर दिली आहेत, तुमच्या सर्व्हरवर ठेवायला नाही. शिवाय अ‍ॅप 300 डीपीआयच्या वर जात नाही. त्या खरेदीखतावरची विटकी शाई 600 शिवाय वाचता येत नाही.

कस्टमर केअरला तीन फोन केले. पहिल्याने रीसेट करायला सांगितलं. दुसऱ्याने अ‍ॅप कसं टाकायचं ते शिकवलं आणि तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद करून टाकली. तिसरा म्हणाला, ब्राउझरवरून स्कॅन सुरक्षित नव्हतं. यात तथ्य आहे, हे मी मान्य करते. काचेवर कुणी कागद विसरला, तर वायफायवरचा दुसरा कुणीही तो उतरवून घेऊ शकतो. मग त्या पानाला पासवर्ड लावा, किंवा चालू-बंद करायचं बटण द्या. दाराला कडी हवी म्हणून दारच भिंतीत चिणत नाहीत.

पुढे तोच म्हणाला की नव्या फर्मवेअरमध्ये यंत्राची ती क्षमताच राहिलेली नाही. हे मात्र साफ खोटं. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याने यंत्राच्या पत्त्यापुढे ‘ईएससीएल’ आणि ‘स्कॅनरकॅपॅबिलिटीज’ एवढं जोडून दाखवलं, तर यंत्राने आपली कुंडलीच मांडली. त्यात 600 डीपीआय स्पष्ट लिहिलेलं आहे. ईएससीएल म्हणजे साध्या एचटीटीपीवरून, ब्राउझर पानं आणतो त्याच रीतीने, स्कॅन मागवायची पद्धत. मॅकवाले ड्रायव्हरशिवाय स्कॅन करतात ते याच वाटेने. भाच्याने घरात पडलेल्या रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर लिनक्स, त्यावर सेन, सेन-एअरस्कॅन आणि स्कॅनसर्व्हजेएस ही स्कॅनिंगची सॉफ्टवेअरं बसवली. सगळं फुकट. संध्याकाळी चहाला बसला होता, रात्री जेवायच्या आत ब्राउझरमध्ये 8080 पोर्टवर स्कॅनचं पान हजर, आणि खालून हाक आली, ‘निघालं गं!’

आता तुम्ही म्हणाल, मग तक्रार कशाची? तर मी यंत्र विकत घेतलं होतं, भाच्यासाठी प्रोजेक्ट नाही. तो रविवारी पुण्याला परत जाईल, आणि पुढच्या अपडेटमध्ये तुम्ही ही वाटही बुजवणार नाही याची हमी मला कुणी दिलेली नाही.

माझं मागणं एवढंच: स्कॅनचं पान परत द्या किंवा आधीचं फर्मवेअर टाकायची मुभा द्या, आणि माझ्या संमतीशिवाय पुढचं अपडेट करू नका. जमत नसेल तर यंत्र घेऊन जा, 16,400 रुपये आणि वरचे 315 परत करा. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, त्यामुळे तुमच्या मुख्य कार्यालयाच्या गावी मला यावं लागणार नाही. तुम्हाला मात्र साताऱ्याला यावं लागेल.

उत्तर ईमेलवर पाठवा. फोन नको, चौथ्यांदा रीसेट करायची माझी तयारी नाही.

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व यंत्राचा सिरीयल नंबर सोबतच्या बिलावर आहे)

सोबत: बिलाची प्रत, खोक्याचा फोटो, अपडेटनंतरच्या पानाचा स्क्रीनशॉट, यंत्राच्या ईएससीएल उत्तराची छापील प्रत, झेरॉक्सच्या दुकानाची पावती. सगळं तुमच्याच यंत्रावर स्कॅन केलेलं आहे, 600 डीपीआयला.