सूचना : बाथरूम-किचनचं काम काढण्याआधी प्लंबिंगचा नकाशा द्यावा

सर्व सभासदांना नमस्कार,

दिवाळीआधी बऱ्याच घरांत बाथरूम-किचनची कामं निघतात. टाइल्स फोडण्याआधी प्लंबिंगचा नकाशा सोसायटीच्या कार्यालयात द्यावा. चौकटीच्या कागदावर हाताने काढलेला चालेल, मापं मात्र खरी हवीत. गार पाणी निळ्या, गरम लाल आणि सांडपाणी काळ्या रेघेने दाखवा. कॉक आणि नहाणी ट्रॅपच्या (फरशीवरचं पाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याच्या) जागाही दाखवा.

सगळ्यात महत्त्वाचा सांडपाण्याच्या पाइपचा उतार. कमोड डक्टमधल्या उभ्या पाइपपासून जितका लांब न्याल, तितकी फरशीखाली जास्त खोल जागा लागते. मीटरला 2 सेंटिमीटर उतार धरला तर 3 मीटरला 6 सेंटिमीटर, शिवाय 110 मिलिमीटरच्या पाइपची स्वतःची जाडी. संकन स्लॅबमध्ये (बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमध्ये) तेवढी जागा नसेल तर कमोड हलवू नका, प्लंबर कितीही ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी. तुंबलं की त्रास खालच्या घराला होतो. खालच्यांच्या स्वयंपाकघरावर टॉयलेट नेण्यास परवानगी मिळणार नाही.

टाइल्स लावण्याआधी लाइनची प्रेशर टेस्ट करा, म्हणजे दाब देऊन गळती तपासा. उघड्या पाइपांशेजारी मेजरिंग टेप धरून फोटो काढा आणि एक प्रत कार्यालयात द्या. पुढे गीझरसाठी ड्रिल मारताना तो लागतोच.

– सचिव