नानांची डायरी आणि काळी माती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पेपरात इंदूरच्या नव्या टॉवर्सवर पान भरून आलं. फोटो मस्त होते, बिल्डरांची नावंही मोठ्या टायपात, पण ज्या दोन मजली घरांत आपण सगळे लहानाचे मोठे झालो ती बांधणारे ठेकेदार कुठे गेले हो? माझे सासरे त्यातलेच एक, मागच्या पावसाळ्यात गेले. त्यांच्यावर कोणी पान काढणार नाही हे माहितीये, म्हणून पत्रच लिहितेय.

नाना (घरी, साइटवर, सिमेंटवाल्याकडे, सगळीकडे नानाच) इंजिनियर वगैरे नव्हते. गवंड्याच्या हाताखाली शिकले, मग स्वतः ठेके घ्यायला लागले, आणि एका वेळी एकच घर घ्यायचे. दुसरं का नाही घेत म्हटलं की म्हणायचे, तिकडची तराई (सिमेंटच्या कामावर पाणी मारणं) कोण बघणार, तू? दुपारी एक वाजता जेवायला घरी म्हणजे घरी, मजुरांनाही सुट्टी, आणि सासूबाईंना वाढू न देता स्वतःच पोळ्या घ्यायचे कारण त्यांचे गुडघे तेव्हापासूनच दुखत होते. पुढे त्या गुडघ्यांसाठीच घरातल्या सगळ्या पायऱ्या तोडून बुटक्या केल्या, स्वतःच्या हाताने, सत्तरी उलटल्यावर. आम्ही ओरडलो, ऐकतोय कोण.

स्वयंपाकघरातल्या ओट्याचं तर त्यांचं वेडच होतं. नकाशात काहीही उंची लिहिलेली असू दे, घरच्या बाईला बोलवायचे, उभं करायचे, हात कोपरात वाकवायला सांगायचे आणि भिंतीवर पेन्सिलीने खूण करायचे. तिच्या खाली चार बोटं ओटा. एका घरात सासू उंच आणि सून बुटकी, तर दोन ओटे केले, एक जरा खाली, आणि वरचे पैसे मागितले नाहीत.

आता कामाचं सांगते. आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया वरच्यावर घेतला की दोन-तीन पावसाळ्यांत भिंतींना तिरक्या चिरा पडतात, आणि मग लोक पुट्टी भरत बसतात, पुन्हा चिरा, पुन्हा पुट्टी. नाना खालचा न फुगणारा मुरूम लागेपर्यंत खणायचे. कुठे पाच फुटांवर लागायचा कुठे नऊ, मालक कुरकुर करायचा की खर्च वाढतोय आणि जमिनीखालचं कोणाला दिसतंय, पण हे ऐकायचे नाहीत. निघालेली काळी माती परत खड्ड्यात टाकू द्यायचे नाहीत, भरायला मुरूमच. मग जोत्यावर सगळीकडून फिरणारी आरसीसीची बीम. विटा भिजवल्याशिवाय लावायच्या नाहीत, नाहीतर कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि जोड कच्चा राहतो.

नातवंडांना होळकरांच्या राजवाड्यावर न्यायचे ते पण शिकवायलाच. सात मजले मोजायला लावायचे, खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी, मग का बरं असं, सांगा पाहू. पोरांचं लक्ष सराफ्यातल्या जिलबीकडे.

एक गोष्ट सांगायलाच हवी. इथली हुकुमचंद कापड मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली तेव्हा तिथल्या एका कामगाराचं घर नानांच्या हातात होतं, भिंती उभ्या आणि वर आभाळ. नानांनी सळई-सिमेंट स्वतःच्या नावावर उधार आणून स्लॅब टाकून दिला आणि डायरीत लिहिलं, "बाकी, मिल सुरू झाली की." मिल काही सुरू झाली नाही. कामगारांची देणी निघाली थेट डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे ३२ वर्षांनी, आणि त्यानंतर त्या माणसाचा मुलगा पाकीट घेऊन घरी आला. नानांनी डायरी काढली, त्यातले फक्त सळई-सिमेंटचे पैसे घेतले, तेही तेव्हाच्याच भावाने, मजुरी नाही. सासूबाई आतून म्हणाल्या, व्याज तरी घ्या हो. खरं सांगू, मलाही राग आला होता, त्याच महिन्यात पोराची कोचिंगची फी भरायची होती. आजही मला वाटतं मजुरी घ्यायला हवी होती, कष्टाचेच होते ना ते पैसे.

पत्र लिहायचं मुख्य कारण वेगळंच आहे. सध्या रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगरकडे जुन्या घरांवर तिसरा मजला चढवायची लाट आलीये आणि नवीन ठेकेदार खाली काय आहे ते न बघताच हो म्हणतात. नानांनी बांधलेल्या प्रत्येक घराची नोंद डायऱ्यांमध्ये आहे, मुरूम किती फुटांवर लागला, कॉलममध्ये सळई किती आणि कोणत्या जाडीची, स्लॅब कधी टाकला. तुमचं घर त्यांच्या हातचं असेल तर काम काढायच्या आधी या पेपरमार्फत कळवा, पानाचा फोटो पाठवून देईन, तो तुमच्या इंजिनियरला दाखवा. अक्षर जरा किचकट आहे आणि अर्धं हिंदीत आहे, पण आकडे स्पष्ट आहेत.

आपली,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर