पाणी कुठं मुरतंय ते आधी पाहू

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप काल रात्री उशिरा वाचला आणि तेव्हापासून तो मनातून जात नाही. चार दिवस झाले, लॅपटॉप वाय-फायला जोडला जातोय पण एकही पान उघडत नाही, कामं खोळंबली आहेत, हे सगळं लिहून शेवटी तू म्हणतोस, ‘मला यातलं काही कळत नाही, नवीनच घेऊन टाकतो.’ त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहायला बसलो. फोनवर बोललो असतो, पण एकेक पायरी करून पाहायची तर ती डोळ्यांसमोर लिहिलेली असलेली बरी. नवीन लॅपटॉप घेऊ नकोस. जे झालंय ते बहुतेक एका सेटिंगचं दुखणं आहे, आणि ते कुठं आहे हे तुला स्वतःला शोधता येईल.

तू पाठवलेला फोटो मी नीट पाहिला. नेटवर्कच्या नावाखाली ‘नो इंटरनेट, सिक्युअर्ड’ असं दिसतंय. तुला त्यातलं ‘नो इंटरनेट’ टोचलं, माझं लक्ष ‘सिक्युअर्ड’कडे गेलं. तो शब्द दिसतोय याचा अर्थ तुझा लॅपटॉप आणि राउटर यांची ओळख पटली आहे. पासवर्ड बरोबर आहे, वायरलेस कार्ड चालू आहे, त्याचा ड्रायव्हर (म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) चालू आहे. कार्ड मेलं असतं तर नेटवर्कचं नावच दिसलं नसतं, आणि पासवर्ड चुकला असता तर तो पुन्हा मागितला असता. म्हणजे ज्या वस्तूसाठी तू नवीन यंत्र घ्यायला निघालास, ती तर शाबूत आहे!

आता सगळा रस्ता डोळ्यांसमोर आण. त्याचे तीन टप्पे आहेत. पहिला लॅपटॉपपासून राउटरपर्यंत, हवेतून. दुसरा राउटरपासून बाहेरच्या जगापर्यंत, तारेतून. तिसरा टप्पा दिसत नाही, पण तो असतोच: तू टाइप केलेल्या साइटच्या नावाचा आकडी पत्ता शोधून देणं. तुटलेला टप्पा कुठला हे कळायच्या आधी काहीही बदलायचं नाही. लोक नेमकं उलटं करतात. साप साप म्हणून भुई धोपटतात, दहा सेटिंगं बदलतात, आणि मग मूळचा बिघाड एक आणि त्यांनी केलेले तीन असे चार होऊन बसतात.

पहिली परीक्षा फोनची. तू लिहिलंस, ‘फोनवर तर चालतंय.’ पण मोबाइल डेटा बंद करून पाहिलंस का? वाय-फायमधून इंटरनेट येत नसलं की बरेच फोन न बोलता मोबाइल डेटावर सरकतात आणि आपल्याला वाटतं वाय-फाय ठीक आहे. तेव्हा डेटा बंद कर, वाय-फाय तेवढं चालू ठेव आणि या आधी कधी न उघडलेलं एखादं पान उघड. उघडलं नाही, तर दोष लॅपटॉपचा नाहीच. मग मोडेम (बाहेरची तार ज्याला येऊन जोडली जाते तो डबा) आणि राउटर दोन्ही बंद कर, अर्धा मिनिट थांब, आधी मोडेम लाव, त्याचे दिवे स्थिर झाले की मग राउटर. फायबरची जोडणी असेल आणि ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल असेल, तर प्रकाशाचा सिग्नल तुझ्या घरापर्यंत पोचत नाही. बाहेरून दिसणारी केबल कुठं दुमडली किंवा निसटली नाही एवढं पाहून घे, ती ठीक असेल तर सेवा देणाऱ्यांना कळव. त्यात तुझ्या हातात आणखी काही नाही.

फोनवर पान उघडलं, तर मात्र पाणी लॅपटॉपमध्येच मुरतंय. आता पत्ता बघायचा. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो, आयपी ॲड्रेस. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, त्यात वाय-फाय, आणि त्यात तुझ्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघड. खाली ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’ सापडेल. तो १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल तर बहुतेक पत्ता मिळालेला आहे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपने राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला. अशा पत्त्यावर बाहेरचं काही चालत नाही. त्यावर पहिला उपाय म्हणजे नेटवर्कवर उजवी क्लिक करून ‘फर्गेट’ कर आणि पासवर्ड टाकून पुन्हा जोड. त्यानेही १६९.२५४ च आला, तर राउटर एकदा बंद करून चालू कर.

इथं माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मी राउटर बदलला तेव्हा माझ्या कॉम्प्युटरचं अगदी तुझ्यासारखंच झालं. सिग्नल पूर्ण, पासवर्ड बरोबर, घरातले फोन सुरळीत, फक्त हा एक बसलेला. तीन संध्याकाळी घालवल्या. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, सेवा देणाऱ्यांना फोनवर बरंच बोललो. चौथ्या दिवशी सुचलं की पत्ता पाहावा. तो १९२.१६८.१ ने सुरू होत होता, आणि नवा राउटर सगळ्यांना १९२.१६८.० चे पत्ते वाटत होता. फरक एका आकड्याचा. पूर्वी कधीतरी प्रिंटरसाठी कुणीतरी माझ्या कॉम्प्युटरला तो पत्ता कायमचा लावून ठेवला होता, आणि नव्या राउटरच्या घरात तो जुन्या घराचा पत्ता सांगत उभा होता. प्रॉपर्टीजमध्येच ‘आयपी असाइनमेंट’ असतं, तिथं ‘मॅन्युअल’च्या जागी ‘ऑटोमॅटिक’ केलं आणि दहा सेकंदांत सगळं सुरू झालं. तूही गेल्या महिन्यात राउटर बदललास ना? म्हणून माझा पहिला संशय इथंच आहे. लॅपटॉपमध्ये ही ओळ सगळ्यात आधी बघ.

तिथं ‘ऑटोमॅटिक’च असेल, तर ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघड. काळ्या खिडकीला बिचकू नकोस, आपण नुसतं विचारणार आहोत, काही बदलणार नाही. ‘पिंग’ हा शब्द इंग्रजीत टाइप कर, एक जागा सोड आणि राउटरचा पत्ता टाक. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, त्याच खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ असं सलग इंग्रजीत लिहून एंटर दाबलंस की ‘डिफॉल्ट गेटवे’समोर दिसतो. ‘रिप्लाय’ आला, तर पहिला टप्पा ठीक. मग पिंग ८.८.८.८ कर, हा गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरचा पत्ता. इथून उत्तर आलं तर दुसराही ठीक. आणि मग आकड्यांऐवजी एखाद्या साइटचं नाव टाकून पिंग कर. आकड्याला उत्तर येतं आणि नाव मात्र सापडत नाही असं दिसलं, की तिसरा टप्पा तुटलाय.

ही छोटीशी आज्ञा मला फार आवडते. माइक मूस नावाच्या अमेरिकी प्रोग्रॅमरने ती डिसेंबर १९८३ मध्ये एका संध्याकाळी लिहिली, कारण त्याच्यासमोरचं नेटवर्क विचित्र वागत होतं आणि घोडं कुठं अडलंय ते त्याला कळत नव्हतं. पाणबुडी शोधताना ध्वनी पाठवून प्रतिध्वनी ऐकतात, त्या सोनारच्या आवाजावरून त्याने हे नाव ठेवलं. तू आज ज्या अडचणीत आहेस, त्याच अडचणीतून ते हत्यार जन्मलंय.

गंमत अशी की नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस ही व्यवस्थासुद्धा १९८३ चीच, पॉल मोकापेट्रिस यांनी आखलेली. त्याआधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच यादीत असायची आणि ती यादी जो तो उतरवून घ्यायचा. तिसरा टप्पा तुटला असेल, तर आयपी असाइनमेंटच्या खालीच ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’ आहे. तिथं आधी कुणी हाताने काही लिहून ठेवलं असेल तर ते ‘ऑटोमॅटिक’ कर. आधीच ‘ऑटोमॅटिक’ असेल, तर ‘मॅन्युअल’ करून १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे दोन पत्ते टाक.

दोन बारीक गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. लॅपटॉपची तारीख बघ. घड्याळ मागं पडलं असेल तर सुरक्षित साइट्सची प्रमाणपत्रं त्याला चुकीची वाटतात आणि पानं उघडत नाहीत, बाकी सगळं ठाकठीक असूनही. आणि तू म्हणालास, ‘दहादा बंद करून चालू केला.’ विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर आतला गाभा पूर्ण पुसला जात नाही, तो साठवून ठेवला जातो. ‘रीस्टार्ट’ केल्यावरच तो नव्याने उभा राहतो. तेव्हा एकदा ‘रीस्टार्ट’ कर.

आता तुझी जुनी तक्रार, आतल्या खोलीत दर थोड्या वेळाने जोडणी तुटते ती. हे दुखणं वेगळं आहे, ते हवेतलं आहे. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, ती भिंतीतून बऱ्यापैकी पार होते, पण त्या पट्ट्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हनसुद्धा. ५ गिगाहर्ट्झची लहर साधारण सहा सेंटिमीटरची, वेग जास्त पण भिंतींनी लवकर दमते. म्हणून राउटरच्या खोलीत ५ वापर, आतल्या खोलीत २.४. आणि राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ वर चॅनेल (त्या पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग) १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेव, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत. मध्येच ३ किंवा ८ निवडलं तर दोन्हीकडच्या गोंगाटात सापडशील.

राउटर कुठं ठेवलायस? मला आठवतं त्याप्रमाणे लोखंडी कपाटाच्या मागं, जमिनीवर. तो तिथून हलव. धातू लहरी परतवतो, आरशाच्या मागचा मुलामाही तेच करतो, आणि पाणी त्या शोषून घेतं. राउटर उंचावर, मोकळ्यात, घराच्या मध्याजवळ हवा. या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या उपकरणांनीही पडेलच असं नाही. सिग्नलची ताकद डीबीएम या मापात, उणे आकड्यात दाखवतात: उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला तुटायला लागतं. दहाने आकडा घसरला म्हणजे शक्ती दहाव्या हिश्श्यावर आली, म्हणून तो थोडासा वाटला तरी थोडा नसतो.

पाहायची रीत सांगतो. राउटरला पिंग करताना शेवटी एक जागा सोडून उणे चिन्ह आणि त्याला लागून इंग्रजी ‘टी’ लिही, म्हणजे तू थांबवेपर्यंत ते चालू राहील. लॅपटॉप हातात घेऊन खोल्यांमधून फिर. जवळ असताना उत्तर दोन-चार मिलिसेकंदांत येईल. जिथं आकडा दोनशे-तीनशेवर उडायला लागतो किंवा मध्येच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येतं, तिथं हवेतला टप्पा कमजोर आहे. आणखी एक: लॅपटॉपच्या शेजारी यूएसबी ३ ची बाहेरची हार्डडिस्क लावून काम करतोस ना? तिच्यातून आणि तिच्या वायरीतून २.४ च्या पट्ट्यात गोंगाट सुटतो. ती काढून पाहा किंवा वायर लांब घेऊन दूर ठेव. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं, प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा पटलं.

लॅपटॉप ‘स्लीप’मधून उठवल्यावर वाय-फाय गायब होत असेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये वायरलेस कार्डाच्या ‘पॉवर मॅनेजमेंट’खाली वीज वाचवण्यासाठी ते बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती खूण काढ.

एक कळकळीने सांगतो. ‘नेटवर्क रीसेट’चं बटण शेवटपर्यंत दाबू नकोस. ते साठवलेले सगळे वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएनच्या (म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी वगैरे जोडणाऱ्या खासगी, सुरक्षित वाटेच्या) जोडण्या पुसून टाकतं. कामासाठी तुला कुणी व्हीपीएन लावून दिला असेल तर तो पुन्हा लावायला दुसऱ्याचं दार ठोठवावं लागेल. उलट, आधी तो व्हीपीएन बंद करून पाहा, कधी कधी अडथळा त्याचाच असतो. आणि राउटरच्या मागचं टाचणीने दाबायचं बारीक बटण तर मुळीच नको. त्याने सेवा देणाऱ्यांची सगळी मांडणी जाते आणि घरातल्या सगळ्यांचंच इंटरनेट बंद पडतं.

दरम्यान काम अडू देऊ नकोस. फोन यूएसबी वायरने लॅपटॉपला जोड आणि फोनमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू कर, लॅपटॉपला फोनचं इंटरनेट मिळेल. उद्या सकाळचं काम त्यावर पाठव आणि मग शांतपणे बस.

मला तीन गोष्टी कळव: आयपीव्ही४ चा पत्ता, आयपी असाइनमेंटसमोर काय लिहिलंय, आणि तीन पिंगांपैकी कुठलं थांबलं. फोटो काढून पाठवलेस तरी चालेल. उद्या संध्याकाळी मी मोकळाच आहे. आलेल्या आकड्यांवरून पुढचं लगेच सांगतो, लागलं तर तासभर फोनवर तुझ्यासोबत बसतो.

तुझाच,
जुना मित्र