दुसरीच्या पुस्तकाला खाकी कव्हर घालणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

निकालाच्या दिवशी तुमच्यासमोर उभी राहिले आणि घसाच दाटला. म्हणून लिहिते आहे.

पाचवीत तुमच्याकडे आली तेव्हा माझ्या मुलीला जोडाक्षर आलं की पुढे वाचताच येत नव्हतं. आधीच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत डिजिटल फळा होता, कोडिंगचा तास होता. ‘आम्ही मुलांना भविष्यासाठी घडवतो’ हे दर पालकसभेत ऐकलं. प्रगतिपुस्तकावर मात्र दर वर्षी एकच शेरा, ‘वाचनाकडे लक्ष द्या’. लक्ष कुणी द्यायचं? तिला शेजारी बसवून चार ओळी वाचून घेणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं. तो राग अजून गेलेला नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही पहिल्याच आठवड्यात तिची अडचण ओळखलीत. दुसरीचं बालभारती तिच्या हातात दिलंत, पण त्याआधी त्याला खाकी कव्हर घातलंत आणि वर तिचं नाव लिहून खाली ‘इयत्ता पाचवी’ लिहिलंत. ती काय वाचते आहे हे वर्गात कुणाला कळलं नाही. शिकवणं तुमचं कामच, असं कुणी म्हणेल. पण लेकराची मान खाली जाऊ नये म्हणून कव्हर घाला, असं कुठल्या जीआरमध्ये लिहिलेलं नसतं. दप्तर उघडायला घाबरणारी माझी मुलगी त्या दिवशी घरी आल्या आल्या ते पुस्तक घेऊन बसली.

तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, यासाठी 2021 मध्ये केंद्र सरकारचं ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं. 2026-27 पर्यंत ते साधायचं आहे. ध्येय चांगलंच आहे, पण ते मुलांपर्यंत न्यायचं तुम्ही, आणि तुमच्या गळ्यात मतदार याद्या, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं! तरी मधल्या सुट्टीत तुम्ही डबा बाजूला ठेवून तिचं वाचन घ्यायचात. मुलांना उद्यासाठी तयार करायचं असेल तर सरकारने आधी ही कामं तुमच्याकडून काढून घ्यावीत आणि शिक्षकांच्या रिकाम्या जागा भराव्यात. एआयचे धडे त्यानंतर आणावेत. ते धडेही शेवटी वाचावेच लागणार आहेत.

आता ती धाकट्या भावाला गोष्टी वाचून दाखवते. तो अडखळला तर हसत नाही, थांबते. हे तिने तुमच्याकडूनच घेतलं.

यंदा तुमची बदली होणार असं कानावर आलंय. त्याआधी एकदा आमच्याकडे जेवायला या.

आपली नम्र,
तुमच्या वर्गातल्या एका मुलीची आई